लाखाचे स्पीकर आणि दहा बाय बाराची खोली

तिरोड्याहून नागपूरला जायचे, लाखभराचे स्पीकर ऐकून खूश व्हायचे, ते घरी आणायचे आणि आठवडाभरात दुकानदाराला फोन करायचा, ‘तिथे वाजत होते तसे इथे वाजत नाहीत.’ स्पीकरमध्ये बहुधा काही बिघाड नसतो. दुकानातल्या खोलीत जाड गालिचा, मऊ सोफे आणि भिंतींवर आवाज शोषणाऱ्या फळ्या असतात. घरची खोली दहा बाय बाराची, स्लॅबची. खाली टाइल्स, खिडकीला काच, कोपऱ्यात लोखंडी कपाट. तिथे स्पीकरमधून थेट येणाऱ्या आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाजच कानात जास्त शिरतो.

हे गणित साधे आहे. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्‌झच्या आसपासची अर्धी लाट नेमकी मावते, दहा फुटांत ५६ हर्ट्‌झची. त्यात छतही दहा फुटांवर असले तर ५६ हर्ट्‌झचा जोर दुप्पट होतो. असे स्वर भिंतीपाशी आणि कोपऱ्यात फुगतात, खोलीच्या मधोमध मात्र जवळजवळ नाहीसे होतात. डग्ग्याचा घुमारा एका खुर्चीवर छातीत धडकतो आणि चार फूट सरकले की गळून पडतो, तो यामुळे. म्हणून बसायची जागा भिंतीला चिकटून नको आणि अगदी मध्यावरही नको. मागच्या भिंतीपासून तीन-चार फुटांवर बरी. स्पीकरही कोपऱ्यात कोंबू नयेत.

अशा खोलीत दहा इंची वूफरचे उंच मनोरे आणणे म्हणजे पैसे खर्चून घुमारा विकत घेणे. पाच-सहा इंची वूफरचे छोटे स्पीकर स्टँडवर ठेवले, तर तेच गाणे मोकळे वाटते. पडदे लावून हा प्रश्न सुटत नाही. ५० हर्ट्‌झची लाट जवळपास सात मीटर लांब असते, पडद्याला ती जुमानत नाही. पडदा, सतरंजी, कापसाची गादी आणि पुस्तकांचे कपाट यांचा उपयोग वरच्या स्वरांसाठी. टाळी वाजवल्यावर ‘टर्र’ असा थरथरता प्रतिध्वनी आला, तर त्या भिंतींना काहीतरी मऊ किंवा उंचसखल हवे आहे. (मातीच्या भिंती आणि कवेलूंचे छप्पर असलेल्या जुन्या घरात खालचे स्वर कोंडत नाहीत, फटींतून निघून जातात. स्लॅबच्या घराने ही सोय काढून घेतली.)

खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यांकडे फार बघू नये. बऱ्याच घरगुती स्पीकरमधून एका वॉटला एक मीटरवर ८५ ते ९० डेसिबल आवाज निघतो, म्हणजे एका वॉटमध्येच गप्पा बुडतात. वॉट दुप्पट केले की वाढतात फक्त तीन डेसिबल. कानाचा हिशेबही याच पटीने चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे; ९० डेसिबलला ही मर्यादा चार तासांवर येते. विदर्भातल्या उन्हाळ्यात इथेच फसगत होते. खोलीत कूलर घरघरत असतो, तंबोरा ऐकू येत नाही, म्हणून हात आवाज वाढवायला जातो. कूलर बंद केल्यावरच कळते की गाणे किती चढवले होते. मे महिन्यात निवांत ऐकायचे असेल, तर कूलर खोलीच्या दारातून हटवून लांब ठेवणे हा स्पीकर बदलण्याहून स्वस्त उपाय आहे.

निवड करताना डोळे मध्ये येतात. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० जणांना चार स्पीकर आधी न दाखवता आणि नंतर दाखवून ऐकवले. स्पीकर दिसताच गुण बदलले. मोठे आणि देखणे वर गेले, छोटे आणि स्वस्त खाली. दुकानात हे टाळायला सोबत्याला अदलाबदल करायला सांगावे, स्वतः पाठ फिरवून बसावे. दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमीच बरा वाटतो. नमुना म्हणून रोजच्या ऐकण्यातले गाणे न्यावे. तंबोरा असलेला संथ आलाप उत्तम: जवारीमुळे तारेतून वरचे असंख्य स्वर निघतात (सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच विषयावर लिहिले होते), आणि कच्च्या स्पीकरमध्ये त्यांची झिलई जाऊन नुसती गुणगुण उरते.

शेवटचे यंत्र म्हणजे स्वतःचा कान. साठीनंतर अनेकांना १० ते १२ हजार हर्ट्‌झच्या वरचे फारसे ऐकू येत नाही. ‘४० हजारांपर्यंत वाजतो’ असे सांगणाऱ्या ट्विटरसाठी त्यांनी जादा पैसे का मोजावेत? गाण्यातले शब्द अस्पष्ट वाटू लागले, टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटू लागला किंवा कानात सतत शिट्टी वाजू लागली, तर दुकानाआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्यावी. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हा विभाग आहे, आणि तिथपर्यंतचा प्रवास नागपूरपेक्षा बराच कमी आहे.