वडिलांच्या स्मरणार्थ विजेच्या दुचाकीवरून



नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतांचा महिना. दफनभूमीतले गवत निघते, क्रुसांना चुना लागतो, संध्याकाळी मेणबत्त्या लागतात. गेल्या काही वर्षांत मात्र तरुणांच्या तोंडी एक नवी गोष्ट ऐकू येते. वडील गेले किंवा आई गेली, तर तिच्या वा त्यांच्या स्मरणार्थ दुचाकीवरून दूरचा प्रवास करायचा. आणि ती दुचाकीही पेट्रोलची नको, विजेची. हे ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. मला त्यात वावगे दिसत नाही. आपली माणसे हरेगावच्या मतमाउलीला पायी जातात, तेव्हा मनात एखाद्या गेलेल्या माणसाचे नाव असतेच. फक्त विजेच्या गाडीवर निघायचे तर तिचा स्वभाव आधी ओळखावा. आपल्या वडिलांना बैलाचा स्वभाव ठाऊक असे, तसाच.

या प्रकारच्या प्रवासांतला आपल्या देशातला एक मोठा प्रवास म्हैसूरच्या डी. कृष्णकुमार यांचा. ते बंगळूरला नोकरीला होते. वडील वारल्यावर आई चूडारत्नम्मा घरी एकट्या पडल्या. एकदा त्यांनी आईला विचारले, तू अमुक तीर्थ पाहिलेस का, तमुक पाहिलेस का? आईने सांगितले, दूरचे राहू दे, जवळचे बेलूरसुद्धा मी पाहिलेले नाही. दहा माणसांच्या एकत्र कुटुंबात चुलीपुढे जन्म गेलेला. मुलाने नोकरी सोडली आणि १६ जानेवारी २०१८ रोजी सत्तरीतल्या आईला मागे बसवून तो निघाला. गाडी कोणती, तर वडिलांनी घेऊन दिलेली जुनी बजाज चेतक. त्या स्कूटरच्या रूपाने वडीलही आपल्याबरोबर आहेत, आम्ही दोघे नव्हे तर तिघे प्रवास करतो, असे ते सांगत. ऑक्टोबर २०१९ पर्यंत त्यांनी ४८,००० किलोमीटरांहून अधिक मजल मारली होती. नेपाळ, भूतान, म्यानमारही झाले. मुक्काम हॉटेलात नाही. मठात, आश्रमात, देवळात.

त्यांचे म्हणणे असे की, आईबाप गेल्यावर त्यांच्या फोटोला हार घालायचा आणि जिवंतपणी त्यांच्याजवळ बसायचे नाही, हे बरोबर नव्हे. म्हणून वडिलांच्या आठवणीचा प्रवास त्यांनी हयात आईच्या पायाशी आणून ठेवला. आपल्याकडे एखाद्या घरी बाप गेला की दगडी समाधीवर, जेवणावर, छापील स्मरणपत्रांवर पैसा जातो, आणि विधवा आई मात्र ओटीवर एकटी बसून असते. ज्याच्या मनात असा प्रवास आहे त्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: मागच्या सीटवर कोण बसणार?

ती चेतक गाडी पुण्याजवळच्या आकुर्डीची. १९७२ पासून ती निघू लागली. नाव महाराणा प्रताप यांच्या घोड्याचे. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि गाडी घरी आली की हार घालून पेढे वाटत. पुढे उभे पोर, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई, तिच्या मांडीवर धाकटे, असे चित्र कोणाला आठवत नाही? २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटरचा धंदा थांबवत असल्याचे जाहीर केले. पण चेतक हे नाव परत आले ते विजेवर. १६ ऑक्टोबर २०१९ रोजी दिल्लीत ती दाखवण्यात आली, आणि तिथूनच काही स्वार पुण्याकडे सुमारे ३,००० किलोमीटरच्या प्रवासाला निघाले. जानेवारी २०२० पासून विक्री सुरू झाली. राहुल बजाज १२ फेब्रुवारी २०२२ रोजी वारले. त्याच वर्षी १० जूनला, म्हणजे त्यांच्या जन्मदिवशी, आकुर्डीत विजेच्या गाड्यांचा नवा कारखाना सुरू झाला. वडिलांच्या आठवणीची प्रत्येकाची रीत आपापल्या ऐपतीप्रमाणे असते.

आता विजेवर लांब जाता येते का? येते. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले सुशील रेड्डी यांनी २०१६ साली, ७ मे ते २४ जुलै या ७९ दिवसांत, सूर्याच्या विजेवर चालणाऱ्या सायकलीवरून ७,४२४ किलोमीटर प्रवास केला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. सायकलीच्या मागे लहान गाडा, त्यावर सौर तावदाने. हिशेब करून पाहा: दिवसाला सरासरी ९४ किलोमीटर होतात. विक्रम करणारा माणूसही सरासरीने शंभराच्या आतच राहिला! आपला एखादा तरुण जेव्हा म्हणतो, फतेगंजहून पहाटे निघतो आणि रात्री वसईला पोचतो, तेव्हा हा आकडा त्याच्यापुढे ठेवावा.

कारण विजेच्या गाडीचा स्वभावच थांबण्याचा आहे. साधारण स्कूटरच्या बॅटरीत ३ युनिटांच्या आसपास वीज मावते. मागे माणूस बसवून, थोडे सामान लादून, हमरस्त्यावर ताशी पन्नासने गेले तर किलोमीटरला ३० ते ३५ वॉट-तास खर्च होतात. म्हणजे ८५ ते १०० किलोमीटरांत टाकी रिकामी. कंपनीच्या कागदावर १२० लिहिलेले असते. ते सपाट रस्त्यावर, एकट्या माणसाला. समोरून वारा असेल, चढ असेल, वेग साठच्या वर गेला असेल तर पल्ला घटतो. तेव्हा कागदावरच्या आकड्याचे चार भाग करून तीनच आपले मानावेत. पुढे घरच्या प्लगवर गाडी पुरी भरायला चार-पाच तास लागतात. या चार-पाच तासांचे काय करायचे, यावरच सारा प्रवास अवलंबून आहे.

बरेच जण त्या वेळी टपरीवर बसून मोबाईल पाहतात आणि चरफडतात. माझे सांगणे निराळे आहे. थांबे आधी ठरवा, आणि ते वडिलांच्या माणसांकडे ठरवा. फतेगंजहून वसई साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. पहिला थांबा नर्मदेकाठी भरुच, सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. तेवढेच आणखी गेले की सुरत. तिथे रात्र काढावी. दुसऱ्या दिवशी नवसारीवरून वलसाड, शंभराच्या आतबाहेर. तिसऱ्या दिवशी तलासरीत अर्धी बॅटरी भरून घेत संध्याकाळी वसईच्या वाड्यांत. या वाटेवर वडिलांबरोबर गिरणीत काम केलेला कोणी असेल, त्यांच्याकडून बियाणे नेणारा कोणी असेल, बहिणीचे सासर असेल. अंत्यविधीला यायला न जमलेली ही माणसे. त्यांच्या ओटीवर गाडी प्लगला लावून चार तास बसलात, तर बापाविषयी घरी कधी ऐकले नाही ते ऐकायला मिळेल. पेट्रोलची गाडी असती तर तुम्ही दारात हॉर्न वाजवून पुढे गेला असता.

वाटेबद्दल एक खुलासा. अहमदाबाद-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग, दोन्हींवर दुचाकीला बंदी आहे. आपल्यासाठी जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ आहे. त्यावर ट्रकांची रांग अखंड असते, म्हणून उजेडातच चालवावे. शिवाय २५० वॉटपर्यंतच्या मोटारीची, ताशी २५ च्या आत चालणारी जी लहान गाडी मिळते, तिला लायसन्स व नोंदणी लागत नाही हे खरे. पण ती दूध घालायला, शेतावर जायला ठीक. महामार्गावर तिला नेऊ नये.

बॅटरीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूतील वेल्लोर येथे रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या नव्या विजेच्या दुचाकीने पेट घेतला, आणि बाप व त्याची तेरा वर्षांची मुलगी धुरात गुदमरून दगावली. त्या वर्षी अशा आगी ठिकठिकाणी लागल्या, तेव्हा सरकारने बॅटरीच्या चाचणीचे नियम डिसेंबर २०२२ पासून कडक केले. तरी आपण सावध राहावे. जिथे माणसे झोपतात त्या खोलीत, किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव दाराशी, गाडी कधीही चार्जिंगला लावू नये. पडवीत लावावी, पेंढा व गोणपाट दूर ठेवून. उन्हातून आलेली गाडी अर्धा तास सावलीत निववून मग प्लग लावावा. चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरावा. तो घरातल्या बारीक पिनांच्या प्लगावर न लावता १६ अँपिअरच्या जाड पिनांच्या प्लगावर, अर्थिंग आहे ना हे पाहून लावावा. खेड्यात रात्री दाब कमीजास्त होतो, त्याने चार्जर जळतो. दिवे मिणमिणू लागले की प्लग काढून ठेवावा. आणि ट्रॅक्टरची बॅटरी आपण जशी पाणी घालून वागवतो तसे इथे काही करायचे नसते. लिथियमच्या बॅटरीचे झाकण घरी उघडूच नये.

शेतावरच्या पंपाच्या जोडणीवरून गाडी भरू नका. ती वीज सवलतीची असते आणि शेतीच्याच कामासाठी दिलेली असते. ज्यांच्या छपरावर सौर तावदाने आहेत त्यांची गोष्ट वेगळी: एक किलोवॉटच्या तावदानांतून उघडिपीच्या दिवशी सुमारे चार युनिटे मिळतात, म्हणजे स्कूटर एकदा पुरी भरते.

आता शरीराकडे वळू. वडील गेल्यावर पहिल्या महिन्यात हा प्रवास करू नये, असे मी स्पष्ट सांगतो. दुःखात झोप लागत नाही, जेवण धड होत नाही, आणि झोप नसलेला माणूस डोळे उघडे ठेवूनही रस्ता पाहत नाही. महिन्याची मिस्सा होऊ द्या, पेरणी-कापणी उरकू द्या, मग निघा. थंडीचे दिवस माणसाला व बॅटरीला दोघांनाही बरे. दर तासाला गाडीवरून उतरून दहा मिनिटे चालावे. सतत बसल्याने कंबर धरते, पायांत रक्त साचते, आणि सत्तरीच्या आईला तर हे फार लवकर बाधते. तिचे पाय सुजलेले दिसले तर त्या दिवशी पुढे जाऊ नये. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गोळी घेऊन उपाशी गाडीवर बसू नये. खिशात खडीसाखर किंवा बिस्किटे ठेवावीत, आणि हाताला कंप सुटला, घाम फुटला की लगेच बाजूला थांबून खावीत. रक्तदाबाच्या गोळ्या प्रवासात विसरल्या जातात, त्या आईच्या पिशवीत नव्हे तर स्वतःच्या खिशात ठेवाव्यात. पाणी लघवीच्या भीतीने टाळू नये. बायका हे हमखास करतात आणि मग त्रास भोगतात. थांबे ओळखीच्या घरी ठरवण्याचा हाही एक फायदा.

हेल्मेट दोघांनाही हवे. आईला ते जड वाटेल, डोक्यावरचा पदर नीट बसणार नाही, ती नको म्हणेल. ओढणी किंवा पदर मात्र चाकात जाणार नाही असा खोचून घ्यावा. विजेची गाडी आवाज करत नाही, हे गुरे व लहान मुले असलेल्या गावरस्त्यावर ध्यानात ठेवावे. त्यांना तुम्ही आल्याचे कळतच नाही, तेव्हा वेग आपणच कमी करायचा.

खर्चाचे म्हणाल तर फतेगंज ते वसई, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरून, बारा-तेरा युनिटे लागतील. घरगुती दराने शंभर रुपयांच्या आसपास. ज्याच्या घरी गाडी भराल त्याच्या हातावर विजेचे पैसे ठेवून पाहा. तो घेणार नाही. मग त्याच्या अंगणातली पोरे पाहून खाऊ ठेवावा, आणि निघताना त्याच्या घरच्या मृतांचीही नावे वहीत लिहून घ्यावीत. त्यांच्यासाठीही प्रार्थना करता येईल.