काळोखात धावणारी 'बॅन्शी'

अमेरिकेतलं यादवी युद्ध आपल्याला ठाऊक असतं ते मुंबईच्या कापसामुळे. एप्रिल १८६१मध्ये लिंकननी दक्षिणेच्या किनाऱ्याची नाकेबंदी पुकारली, लँकेशरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इथले व्यापारी गबर झाले. १८६५मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळून अनेकांचं दिवाळं निघालं.

ती नाकेबंदी चुकवणारी 'बॅन्शी' लिव्हरपूलला बांधलेली. पोलादी बांध्याची, अटलांटिक ओलांडणारी अशी पहिलीच बोट. लांबी २१४ फूट, रुंदी जेमतेम २०. ब्रिटिश बहामातलं नासाऊ ते दक्षिणेतलं विल्मिंग्टन ही तिची वाट. जाताना बंदुका, दारूगोळा. येताना कापसाच्या गाठी. अंग मळकट पांढऱ्या रंगाचं, डोलकाठ्या आखूड, कोळसा कमी धुराचा. मालकांचा तरुण प्रतिनिधी टॉम टेलर तिच्यावर असायचा. त्याच्या आठवणींत त्या रात्री जशाच्या तशा उतरल्या आहेत. विडीसुद्धा पेटवायची नाही. होकायंत्रावर झाकण, सुकाण्याला दिसण्यापुरती फट. इंजिनाच्या खोलीवर ताडपत्री अंथरलेली, भट्टीचा उजेड बाहेर फुटू नये म्हणून.

त्या ताडपत्रीखाली आगवाले. छत्तीस माणसांत बारा. वर गस्तीच्या युद्धनौका किती जवळ आल्या, हे त्यांना दिसायचं नाही. कोंडलेल्या उष्णतेत कोळसा ओढत राहायचा, कारण वाफ उतरली तर बोट सापडलीच. तिचा वेग मी वाचतो तेव्हा मला ही माणसं दिसतात.

या यंत्राचं कौतुक वाटतं, पण ते मोकळेपणाने करवत नाही. आत नेलेल्या बंदुका गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या फौजेच्या होत्या, आणि गाठींतला कापूस बहुतांशी गुलामांनी वेचलेला. विल्मिंग्टनहून निघणाऱ्या बोटींना धुरी देत, दडलेले गुलाम गुदमरून बाहेर यावेत म्हणून. तरी एकजण 'बॅन्शी'च्या अरुंद सांदीत तग धरून राहिला आणि नासाऊला स्वतंत्र माणूस म्हणून उतरला. पुढच्या खेपेला विल्मिंग्टनमध्ये बोटीच्या मालकांकडून त्याची किंमत वसूल झाली: चार हजार डॉलर.

आठ खेपांत 'बॅन्शी'ने भांडवलाच्या सातपट नफा दिला. नोव्हेंबर १८६३मध्ये ती पकडली गेली. उत्तरेच्या नौदलाने तिच्यावर तोफा चढवल्या आणि पुढच्या वर्षी तिलाच नाकेबंदीच्या पहाऱ्यावर धाडलं.