अनाथ पाडसाची कथा : दया आणि दायित्व

बालसाहित्याच्या चर्चेत प्राणिकथेचा विचार बहुधा पंचतंत्र, हितोपदेश आणि इसापनीती यांच्या परंपरेत केला जातो. या परंपरेतील प्राणी हे माणसाचे मुखवटे असतात. विसाव्या शतकात मात्र प्राणिकथेचा एक निराळा प्रकार स्थिर झालेला दिसतो. त्यातील प्राणी हा प्राणीच असतो. त्याची आई मेलेली असते आणि माणूस त्याला वाढवतो. अशा पुस्तकांना 'भूतदयेचे संस्कार करणारे वाङ्मय' या सदरात टाकून समीक्षक पुढे जातात. पण त्यामुळे या कथांच्या मुळाशी असलेला एक प्रश्न अस्पर्शित राहतो. पिल्लू अनाथ झाले, ते कोणामुळे? या प्रकारातील महत्त्वाच्या कृतींकडे पाहिले असता असे दिसते की, आईला मारणारा बहुधा माणूसच असतो. मारणारा हात आणि वाचवणारा हात यांच्यातील नाते कथा कसे सांभाळते, यावर तिचे वाङ्मयीन मूल्य पुष्कळ अंशी अवलंबून असते. प्रस्तुत लेखात हे सूत्र काही निवडक कृतींच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१

फेलिक्स झाल्टन या व्हिएन्नाच्या लेखकाची 'बांबी' ही जर्मन कादंबरी १९२३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तीत शिकाऱ्याला नाव नाही. अरण्यातील प्राणी त्याचा उल्लेख केवळ 'तो' असा करतात. या सर्वनामामुळे शिकारी ही एक व्यक्ती न राहता दैवासारखी अनाकलनीय शक्ती होते. बांबीची आई शिकारीत मरते, हा प्रसंग सर्वपरिचित आहे. पण अभ्यासकाच्या दृष्टीने गोबो या दुसऱ्या पाडसाचे उपकथानक अधिक महत्त्वाचे ठरते. हिवाळ्यातील शिकारीत कोसळलेल्या गोबोला माणूस उचलून नेतो, जगवतो आणि पाळतो. गोबो अरण्यात परततो तो 'त्याच्या' चांगुलपणावर पूर्ण विश्वास ठेवून, आणि हा विश्वासच त्याचा घात करतो. बंदुकीसमोरून पळावे, हे त्याला सुचत नाही. संगोपनाने प्राण वाचतात, पण प्राण वाचवण्याची उपजत भीती नष्ट होते, हा विरोधाभास झाल्टनने येथे मांडला आहे. १९४२ च्या डिस्ने चित्रपटात गोबो नाही. त्याला वगळल्याने आईच्या मृत्यूचे दुःख उरले. सुटकेविषयीची शंका मात्र गेली.

२

या सूत्राचा सर्वांत खोल आविष्कार मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 'द यर्लिंग' (१९३८) या अमेरिकन कादंबरीत आढळतो. १९३९ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. 'सत्यकथे'चे संपादक राम पटवर्धन यांनी केलेल्या 'पाडस' या अनुवादामुळे मराठी वाचकाला ती घरची वाटते. एकोणिसाव्या शतकातील फ्लोरिडाच्या झुडपी रानात बॅक्स्टर कुटुंब कसेबसे शेती करून राहते. पेनी बॅक्स्टरला रॅटलस्नेक हा विषारी साप चावतो. त्या क्षणी तो समोरच्या हरिणीवर गोळी झाडतो आणि तिचे यकृत दंशावर लावून विष शोषून घेतो. हरिणी मरते, म्हणून बाप जगतो. तिचे पाडस आणण्याची परवानगी ज्योडी मागतो. त्याच्या मागणीत कळवळा आहेच, परंतु पेनीला पटतो तो कृतज्ञतेचा मुद्दा : ज्या हरिणीने प्राण दिला तिच्या पिल्लाला उपाशी मरू देणे हा कृतघ्नपणा होईल. संगोपनाचा आरंभ येथे दयेतून नव्हे, तर ऋणातून होतो.

पाडसाच्या मृत्यूला शोकात्म उंची मिळते ती या ऋणामुळेच. वाढलेले पाडस मक्याचे कोवळे कोंब खाऊ लागते. ज्योडी पुन्हा पेरणी करतो, कुंपण उंच करतो. पाडस तेही ओलांडते. अंथरुणाला खिळलेला पेनी त्याला मारण्यास सांगतो. ज्योडीकडून ते होत नाही. आईच्या गोळीने पाडस केवळ जखमी होते आणि अखेरची गोळी ज्योडीलाच घालावी लागते. येथे खलपुरुष कोणीही नाही. पीक गेले तर घर उपाशी राहणार, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. ज्या निकडीने हरिणी मारली गेली, त्याच निकडीने तिचे पाडसही मारले जाते. ऋण मान्य होते, पण फिटत नाही.

शीर्षकाचा विचारही येथे उपयुक्त ठरेल. 'यर्लिंग' म्हणजे एक वर्षाचे झालेले जनावर. ते पिल्लू राहिलेले नाही आणि पूर्ण वाढलेलेही नाही. हे वर्णन ज्योडीलाही लागू पडते. 'पाडस' या मराठी शब्दात ही उंबरठ्यावरची अवस्था नाही. मात्र संतकाव्यात हरिणी आणि पाडस ही ताटातुटीची, आर्त ओढीची प्रतिमा आहे. त्यामुळे मराठी शीर्षकात वाढीचा अर्थ क्षीण होतो, तर मातेच्या अभावाचा अर्थ गडद होतो. अनुवादाने कृतीचा भावकेंद्र किंचित हलवल्याचे हे लक्षणीय उदाहरण आहे.

३

जॉय ॲडमसन यांचे 'बॉर्न फ्री' (१९६०) ही सत्यकथा आहे. १९५६ साली केनियात वन्यजीवरक्षक असलेल्या त्यांच्या पतीने, जॉर्ज ॲडमसन यांनी, चालून आलेल्या सिंहिणीला गोळी घातली. मागे तीन छावे उरले. दोन रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात गेले. एल्सा राहिली आणि शिकार करण्यास शिकवून तिला पुन्हा रानात सोडण्यात आले. रक्षकच येथे मारेकरीही आहे आणि लेखिका ते लपवत नाही. तथापि कथनाचा ओघ मुक्तीच्या दिशेने इतका वेगाने जातो की, आरंभीचा मृत्यू लवकरच प्रस्तावनेसारखा मागे पडतो.

४

मराठीत हा अनुभव अनुवादापुरता राहिलेला नाही. भामरागड परिसरातील हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. विलास मनोहर यांचे 'नेगल' आणि डॉ. प्रकाश आमटे यांचे 'रानमित्र' ही पुस्तके तेथील प्राण्यांविषयी आहेत. ती केवळ मुलांसाठी लिहिलेली नसली तरी कुमारवयीन वाचकांनी ती आपलीशी केली आहेत. या प्राणिसंगोपनाच्या आरंभी एक दृश्य आहे : शिकार करून परतणारे माडिया, त्यांच्याजवळ मेलेली माकडीण आणि तिला बिलगलेले जिवंत पिल्लू. ते पिल्लू आमट्यांनी मागून घेतले. पुढे शिकारीत पोरकी झालेली पिल्ले माडिया स्वतःच प्रकल्पात आणून देऊ लागले.

येथे शिकारी झाल्टनच्या 'तो'सारखा अनामिक नाही; तो शेजारी आहे, प्रकल्पाच्या दवाखान्यात येणारा रुग्ण आहे. त्याची शिकार भुकेपोटी होते. त्यामुळे प्राण्यावरील प्रेम शिकाऱ्याच्या निंदेवर उभे करता येत नाही. पेनी बॅक्स्टरची निकड एका कुटुंबाची होती. येथे ती एका समाजाची आहे. पिल्लू वाचवायचे तर माणसाच्या भुकेचा आणि आजाराचा विचार टाळता येत नाही, ही जाणीव या लेखनाला केवळ प्राणिप्रेमाच्या कक्षेबाहेर नेते.

५

या कृती एकत्र पाहता शिकारी क्रमाने जवळ येत गेल्याचे दिसते : अज्ञात 'तो', स्वतःचा बाप, स्वतःचा पती आणि अखेरीस ज्याच्यासाठी आपण येथे आलो तो माणूस. तो जितका जवळचा, तितकी निव्वळ दया अपुरी पडते आणि दायित्वाचा प्रश्न तीव्र होतो. दयेत देणारा वर असतो आणि घेणारा खाली. दायित्वात देणारा स्वतःच ऋणको असतो. मुलांसाठी कथांचे संक्षेप करताना सर्वप्रथम गळतो तो आईच्या मृत्यूचा प्रसंग आणि शिल्लक राहते ते गोजिरवाणे पिल्लू. असा संक्षेप मुलाला दुःखापासून वाचवतो असे मानले जाते. वस्तुतः तो त्याला कथेच्या अर्थापासूनच दूर ठेवतो. ज्योडीला पाडस मिळाले ते हरिणी मेली म्हणून, हे ज्या वाचकाला विसरू दिले जाते, त्याला ज्योडीची अखेरची गोळी केवळ क्रूर वाटेल. ज्याला ते आठवत राहते, त्याला ती गोळी समजेल आणि ती समजणे अधिक कठीण आहे.