सवलतीचा पास आणि रेसचा उतारा



गळीत हंगामात गावोगाव फिरताना आम्हा शेतकी खात्याच्या माणसांना नाना प्रश्न विचारले जातात. तोड कधी येणार, टोळी कुठवर आली, खोडव्यात पाचट ठेवावी की पेटवावी, हे प्रश्न रोजचेच. पण मागच्या हंगामात एका सभासदाने आमच्या मोटारसायकलीला हात करून निराळाच प्रश्न घातला.

"सायेब, थोरला पोरगा मुंबईला लोअर परळात असतो. त्याच्या हाफिसात महालक्ष्मीच्या रेसचे पास निम्म्या पैशात मिळत्यात म्हणं. बिल जमा झालंय. चार-पाच जण मिळून जाऊन यावं म्हणतोय. घेण्यासारखा हाय का पास?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. प्लॉट बघितल्याशिवाय आम्ही तोडीचा शेरा मारत नाही, मग न बघता रेसचा शेरा कसा मारावा? त्यातून आमच्या बहिणीचे बिऱ्हाड डिलाईल रोडलाच आहे. म्हणालो, "आम्हीही येतो. बघू आणि मग सांगू." त्या दिवशी जे पाहिले आणि त्यावरून जो हिशोब मांडला, तो त्या सभासदाच्या संमतीने इथे देत आहोत. प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.

लोअर परळ हे नाव आपल्या भागाला परके नाही. एके काळी आपल्याकडच्या प्रत्येक गावातली दहा-वीस माणसे तिथल्या गिरण्यांत होती. गावकीच्या खोलीत वळकटी टाकायची, खाणावळीत जेवायचे आणि महिन्याला गावाकडे मनीऑर्डर धाडायची, असा तो काळ. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. आज फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा आहे, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि हॉटेले. गिरणगावची पोरे आता तिथे गळ्यात ओळखपत्र अडकवून कामाला जातात. सभासदाचा मुलगा त्यांपैकीच एक.

लोअर परळच्या पुढचेच स्टेशन महालक्ष्मी. तिथून चालत रेसकोर्स गाठता येते. हे मैदान १८८३ सालचे, पाणथळ जागेवर बांधलेले. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरी कॉलफिल्ड म्हणून रेसकोर्स आहे, त्याच्या धर्तीवर याची आखणी झाली. इथली सर्वांत मानाची शर्यत म्हणजे इंडियन डर्बी. ती १९४३ पासून चालू आहे. चार वर्षांची घोडी-घोडे, अंतर २४०० मीटर, आणि सगळा खेळ अडीच मिनिटांत आटोपतो.

एक गोष्ट ध्यानात घ्या. मुंबईतला रेसचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे आपला गळीत हंगाम तोच त्यांचा हंगाम. कायद्याने ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे मिळायचे असतात. तेव्हा सभासदाच्या खात्यावर पैसे येण्याचा आणि तिकडे घोडे पळण्याचा मुहूर्त एकच पडतो.

आत गेल्यावर आम्हाला सर्वांत आवडला तो वजनकाटा. हसू नका. आपल्याकडे गाडी भरलेली आणि रिकामी अशी दोनदा काट्यावर चढते. तिथेही जॉकी शर्यतीआधी खोगिरासकट काट्यावर बसतो आणि शर्यत संपल्यावर पुन्हा बसतो. हँडिकॅप शर्यतीत तर ज्या घोड्याची आधीची कामगिरी चांगली, त्याच्यावर जास्त वजन. कमी पडले तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून भरतात. म्हणजे सगळ्यांना जिंकण्याची संधी सारखी व्हावी. घोडे मात्र बघत राहावे असे. अंगावर हात फिरवावा तर रेशीम. आमच्यातले एक सभासद बैलांचे दर्दी. ते म्हणाले, "पैसं वसूल झालं बघा, आता पळालं न्हाई तरी चालंल."

परंतु बाके बरीच रिकामी होती, आणि बसलेली मंडळी बहुतेक पन्नाशीपुढची. पास स्वस्त का मिळतो याचे उत्तर तिथेच समोर दिसत होते. ज्या मालाला गिऱ्हाईक कमी, त्याला सूट जास्त.

ही ओहोटी का लागली? पहिले कारण कर. जीएसटी आल्यावर डावावर २८ टक्के कर बसला, आणि तो लावलेल्या पूर्ण रकमेवरच धरायचा हे १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्याने पक्के झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर ४० टक्के आहे. दुसरे कारण मोबाईल. ज्याला पैसा लावायचा त्याला मैदानावर येण्याची गरज उरली नाही. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला खरा, पण घरबसल्या खेळायची लागलेली सवय एकदम जात नाही. तिसरे कारण जागा. मैदानाचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१३ साली संपला. पुढे २०२४ मध्ये ठरले की १२० एकर महापालिकेच्या सार्वजनिक उद्यानाला द्यायचे आणि ९१ एकर रेस क्लबकडे राहायचे.

आता तिकीट स्वस्त केल्याने असा खेळ सावरतो का? याचे उदाहरण मोटारींच्या शर्यतीत आहे. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट नावाचा सव्वापाच किलोमीटरच्या आतबाहेरचा रस्ता खास बांधला. ३० ऑक्टोबर २०११ ला तिथे फॉर्म्युला वनची पहिली शर्यत झाली. तिकिटे अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. सुमारे ९५ हजार माणूस लोटला. दुसऱ्या वर्षी गर्दी ६५ हजारांच्या घरात आली. तिकिटांचे दर उतरवले, तरी २७ ऑक्टोबर २०१३ च्या तिसऱ्या शर्यतीनंतर तो सोहळा बंद पडला. कारण दुखणे तिकिटाचे नव्हतेच. उत्तर प्रदेश सरकार या शर्यतीला खेळ न मानता करमणूक मानत होते, करावरून कज्जे चालू होते आणि शर्यत भरवण्याची फी अवाढव्य होती. मुळाला हुमणी लागलेली असताना पानांवर फवारा मारून ऊस वाचत नाही, तसेच हे.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या तीन वर्षांत ज्यांनी तिकीट काढले त्यांनी ती शर्यत डोळ्यांनी पाहिली. तिन्ही वेळा जर्मनीचा व्हेटेलच जिंकला. "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणणारे राहूनच गेले. तेव्हा उतरणीला लागलेल्या खेळाचे स्वस्त तिकीट वाया जाते असे नाही. बघण्यासाठी घेतले तर ते पुरेपूर वसूल होते.

आपल्या बैलगाडा शर्यतीचे बघा. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ ला त्यावर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा ग्राह्य धरला. मधल्या काळात शर्यत मेली असे कितीजण म्हणाले! पण परवानगी येताच माळ माणसांनी फुलले. तिथे कुणी सवलतीचा पास वाटला नव्हता. बैल आपला, गाडा आपल्या भावकीचा, म्हणून माणूस येतो. पैजा तिथेही लागतात हे आम्ही नाकारत नाही, आणि पुढचा हिशोब तिथेही तितकाच लागू आहे.

हा हिशोब आपल्या भाषेत, म्हणजे उताऱ्याच्या भाषेत मांडू. रेसमध्ये सगळ्यांचे डाव एका गल्ल्यात जमतात. त्यातून कर आणि क्लबचा खर्च वजा होऊन उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जाते. समजा शंभरातले पंच्याहत्तर परत वाटले गेले. एखादा जास्त घेऊन जाईल, दुसरा रिकामा जाईल, पण सरासरी उतारा पंच्याहत्तरचा. आता मिळाले ते पुन्हा पुढच्या शर्यतीला लावायचे, ही तिथली रीत. शंभराचे पहिल्या शर्यतीला ७५, दुसऱ्या वेळी ५६, तिसऱ्या वेळी ४२, मग ३२, मग २४ आणि सहाव्या शर्यतीअखेर १८. म्हणजे एक टन ऊस घेऊन आत गेलात तर संध्याकाळी पावणेदोन क्विंटल घेऊन बाहेर याल. असल्या उताऱ्यावर कोणता कारखाना चालेल? पासावर वाचलेले पैसे या तुटीपुढे दाण्याएवढेही नाहीत.

आम्ही निघण्याआधीच सर्वांकडून कबूल करून घेतले होते की बिलाचे पैसे बँकेत राहतील आणि खिशात फक्त भाडे आणि जेवणाचे असतील. सगळ्यांनी शब्द पाळला. एकाने हौसेखातर एक डाव लावला, घोडा सहावा आला, विषय संपला.

पण खरी गोष्ट वेगळीच घडली. सभासदाचा मुलगा आम्हाला सगळे समजावून सांगत होता. कोणत्या घोड्याचा बाप कोण, गेल्या खेपेला वजन किती होते, कुठला जॉकी ओल्या मैदानावर चांगला, सारे तोंडपाठ. आम्हाला कौतुक वाटले. वडील मात्र हळूहळू गप्प झाले. चौथ्या शर्यतीनंतर त्यांनी विचारले, "कितव्यांदा आलास रं?"

पोरगा खोटे बोलला नाही. म्हणाला, "दर रविवारी येतो, आबा. पास स्वस्त पडतो ना."

परतीच्या गाडीत आबांनी आम्हाला सांगितले की दिवाळीपासून पोराचे पैसे घरी आले नव्हते. खोलीचे भाडे वाढले असेल अशी त्यांची समजूत होती.

ते ऐकून आम्हाला आमचे थोरले चुलते आठवले. तेही डिलाईल रोडला गिरणीत होते. आई सांगायची, त्यांची मनीऑर्डर एक महिना यायची, दोन महिने यायची नाही. घरात कुणी कारण विचारले नाही, कारण चुलते मनाने फार चांगले होते. कारण कळले तेव्हा संप होऊन गिरणी बंद पडली होती आणि डोक्यावर पठाणाचे कर्ज होते. त्या कर्जापायी विहिरीकडचा तुकडा गेला. आज त्या तुकड्यात दुसऱ्याचा ऊस उभा असतो आणि त्याची नोंद घ्यायला आम्हीच जातो.

म्हणून पासाबद्दल आमचा शेरा असा:

एक, घोडे आणि मैदान बघायला एकदा जाणार असाल तर सवलतीचा पास जरूर घ्या. दीडशेच्या वर वर्षे जुने मैदान आहे असे म्हणायला अजून थोडा अवकाश आहे, पण आत्ताचे त्याचे रूप पुढे असेच राहणार नाही. पोराबाळांना दाखवण्यासारखे आहे.

दोन, पास किती स्वस्त हे बघू नका, पूर्ण दिवसाचा खर्च किती ते बघा. एस.टी., लोकल, जेवण, बुडालेली पाण्याची पाळी, सगळे धरा.

तीन, पैसे लावून चार पैसे मिळवायला जाणार असाल तर पास फुकट मिळाला तरी महाग आहे.

चार, आणि हे महत्त्वाचे. सवलतीचा पहिला पास नुकसान करत नाही. ती सवलत दुसऱ्या खेपेला, तिसऱ्या खेपेला ओढून नेते. सूट एकदाच मिळते की दर आठवड्याला, हे आधी विचारा.

आबांनी पोराला त्या दिवशी रागे भरले नाही. स्टेशनवर एवढेच म्हणाले, "पाडव्याला ये. लागणीचं बेणं बघायचं हाय, तुझ्याबिगर जमायचं न्हाई." पोरगा पाडव्याला आला. गटाच्या बेणे प्लॉटवर आम्ही त्याला ८६०३२ चे बेणे दाखवले. डोळे कसे बघायचे, बेण्याचे वय किती असावे, दोन तासांत कसे विचारून घेतले त्याने! घोड्यांची वंशावळ पाठ करणाऱ्याला उसाच्या जाती अवघड नाहीत.

मेपासून त्याचे पैसे पुन्हा घरी येऊ लागले आहेत. पहिल्या खेपेला कमी आले, दुसऱ्या खेपेला पुरते. आबांनी ते आम्हाला गट ऑफिसात येऊन सांगितले, आणि जाता जाता ठिबकच्या अनुदानाचा अर्जही घेऊन गेले.

— ऊस विकास अधिकारी