मातीचा राजगड

बेळगाव आणि निपाणीच्या भागात दिवाळीला घरापुढे किंवा गल्लीत जो मातीचा किल्ला केला जातो, तो बहुधा एखाद्या खऱ्या गडाची प्रतिकृती असतो. लहान मुले अंगणात छोटा डोंगर रचून त्यावर शिवाजी महाराजांना बसवतात. गल्लीतली मोठी मुले मात्र राजगड, प्रतापगड किंवा सिंधुदुर्ग ठरवून घेतात आणि नकाशा समोर ठेवून बांधतात. येळ्ळूरचा राजहंसगड, संकेश्वरजवळचा वल्लभगड, चंदगडकडचा पारगड हे तर आधी चढून पाहता येतात. पाहून केलेल्या किल्ल्यात वाट कुठे वळते, दरवाजा कोणत्या बुरुजाआड लपतो, हे बरोबर उतरते.

पहिला प्रश्न मापाचा. राजगडाची संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. ती दहा फुटांत बसवली तर त्या मापाचा माणूस जेमतेम दोन मिलिमीटरचा, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा होईल. उलट बाजारातल्या तीन इंची मावळ्याचे माप धरले, तर एकटी माचीच शंभर मीटरांहून लांब करावी लागेल. म्हणून जाणती मुले लांबी आटवतात, उंची थोडी वाढवतात आणि गडाची ओळख पटवणाऱ्या खुणा मात्र सोडत नाहीत. राजगडाला मधला बालेकिल्ला, त्याभोवती पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, सुवेळेवरचे नेढे (कातळाला आरपार पडलेले भोक) आणि संजीवनीची दुहेरी तटबंदी हवीच. दोन तटांमधली अरुंद वाट कोरायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, आणि तो देण्यासारखा आहे. राजगड राजगड दिसतो तो तिथेच.

सांगाडा दगड, विटा आणि मातीच्या ढेकळांचा. त्यावर चिखलात भिजवलेली पोती अंथरून डोंगराचे उतार काढतात. नुसती माती रचली तर ती स्वतःच्या वजनाने खचते. पोत्याचे धागे तिला धरून ठेवतात. पुढे माती कोणती आहे यावर बरेच ठरते. खानापूर, बेळगावकडची तांबडी माती सुकली तरी फारशी आकसत नाही. निपाणीकडची काळी माती पाण्याने फुगते आणि सुकताना भेगाळते, म्हणून तिच्यात मुरूम, वाळू, बारीक केलेला पेंढा किंवा शेण मिसळावे लागते. लेप पातळ द्यायचा, तो अर्धवट सुकू द्यायचा, मग दुसरा. घाईने दिलेला जाड थर हमखास सुटतो. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस गाठेल म्हणून वर ताडपत्री आणि पायथ्याला चर हवा.

माती ओलसर असतानाच सुरीने पायऱ्या कापतात, तट उभारून त्यावर चऱ्या पाडतात, बुरुज हाताने गोल करतात. पद्मावती तळ्यासाठी करवंटी पुरते. दरवाजे पुठ्ठ्याचे किंवा काड्यांचे.

हिरवळीसाठी हळीव पेरतात, आणि त्याला कारण आहे. भिजल्यावर या बियांभोवती चिकट बुळबुळीत आवरण तयार होते, त्यामुळे त्या उभ्या उतारावरही चिकटून राहतात. दोन-तीन दिवसांत मोड येतात. आठवडाभरात डोंगर हिरवा होतो. म्हणून पेरणी वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी उरकलेली बरी. पाणी तांब्याने ओतायचे नाही, हाताने शिंपडायचे किंवा फवारायचे. कड्यांवर आणि वाटांवर बी पडू द्यायचे नाही; सगळाच गड हिरवा झाला की कातळ दिसत नाही आणि त्याचा दुर्गमपणा जातो.

रंग शेवटी: तटाला राखाडी, कड्यांना गेरू, देवळाला चुना. मग मावळे. महाराज बालेकिल्ल्यावर, पहारेकरी दरवाजांशी, भालदार वाटेवर, पायथ्याला गाव, बैलगाडी, बाजार. मोठे मावळे पुढे आणि लहान मागे मांडले की खोली दिसते. गल्लीतल्या किल्ल्यांशेजारी गडाचा इतिहास लिहिलेला फलक असतो, आणि मंडळाची मुले बघायला येणाऱ्यांना एकेक माची दाखवत माहिती सांगतात. पाठ केलेली माहिती आणि हाताने घडवलेल्या गडाची माहिती यांतला फरक त्यांच्या बोलण्यात लगेच कळतो.

दिवाळीनंतर हळीव पिवळा पडतो. तेव्हा मावळे कागदात गुंडाळून खोक्यात ठेवतात, पोती आणि विटा काढून घेतात आणि माती परसात पसरतात.