शाळा सुटल्यावरचे डेटा सायन्स

कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० मध्ये एक मुभा दिली. प्रवेशासाठी हायस्कूलमध्ये ‘अल्जिब्रा टू’ हा बीजगणिताचा वरचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. त्याऐवजी डेटा सायन्सचा अभ्यासक्रमही चालेल, असे ठरले. हेतू चांगला होता. बीजगणितात मागे पडणाऱ्यांत कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि गरीब घरांतली मुले जास्त असतात. त्यांना गणिताची दुसरी वाट मोकळी व्हावी, अशी अपेक्षा होती. पण गणित आणि संगणकशास्त्राच्या अनेक प्राध्यापकांनी कडाडून विरोध केला. बीजगणित सुटले की कॅल्क्युलस सुटते आणि कॅल्क्युलस सुटले की अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, एवढेच काय खुद्द डेटा सायन्सची पदवीसुद्धा हातची जाते, असे त्यांचे म्हणणे होते. २०२३ मध्ये विद्यापीठाने मुभा मागे घेतली. प्राध्यापकांचा हा मुद्दा मला पूर्ण पटतो. ज्या मुलांना आधीच कमी मिळाले आहे, त्यांच्या ताटातले बीजगणित काढून घेणे हा न्याय नव्हे. पण म्हणून या मुलांना डेटा सायन्स शिकवूच नये, असे काही त्यातून निघत नाही. ते बीजगणिताच्या जागी न शिकवता शाळा सुटल्यावर शिकवावे, इतकेच निघते. माझ्या मते ती जागा नुसती तडजोडीची नाही, या विषयाला ती शाळेच्या तासापेक्षा अधिक मानवते.

‘डेटा क्लब्ज’ हा उपक्रम त्याचा चांगला दाखला आहे. मॅसॅच्युसेट्समधली ‘टर्क’ ही संस्था १९६५ पासून गणित आणि विज्ञानाच्या शिक्षणावर काम करते. अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानातून तिने साधारण सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शाळेबाहेरचे, सुमारे दहा तासांचे छोटे पाठ्यक्रम तयार केले. विषय मुलांच्या जगातले घेतले: गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम रोग, खेळताना होणाऱ्या दुखापती, आणि किशोरवयीन मुलांचा दिवस कशात जातो हा प्रश्न. आकडे मात्र खरे आणि सरकारी. वापरायचे साधन आहे ‘कोडॅप’. कॉनकॉर्ड कन्सॉर्शियम या संस्थेने बनवलेले हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये उघडते. त्यात आलेखाची खिडकी उघडली की प्रत्येक नोंदीचा एक ठिपका दिसतो आणि सगळे ठिपके वाटेल तसे विखुरलेले असतात. तक्त्यातला ‘वय’ हा रकाना माउसने ओढून आडव्या अक्षावर सोडला की ठिपके सरकत आपापल्या वयावर जाऊन बसतात. एखाद्या ठिपक्यावर क्लिक केले की तक्त्यातली त्याची ओळ उजळते. आलेखातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस, हे मुलाला सांगावे लागत नाही, समोर दिसते.

दुखापतींचे आकडे येतात अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडून. सुमारे शंभर रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागांतून हा आयोग नोंदी गोळा करतो. प्रत्येक नोंदीत वय, शरीराचा कोणता भाग, निदान, आणि नेमके काय घडले ते सांगणारी एक-दोन वाक्ये असतात. बास्केटबॉलच्या नोंदी बघावे तिकडे सापडतात, तेव्हा तोच सर्वांत धोक्याचा खेळ, हा निष्कर्ष सहज ओठांवर येतो. इथेच थांबून विचारायचे असते: बास्केटबॉल खेळतात किती जण? अपूर्णांकाचा छेद माहीत नसेल तर नुसत्या अंशावरून धोका कळत नाही. (मोठ्यांच्या वर्तमानपत्रांतही ही चूक सर्रास छापून येते.) मग पुढचा प्रश्न येतो. पाय मुरगळला, पण विमा नाही म्हणून दवाखान्यात गेलाच नाही, त्या मुलाचा ठिपका कुठे आहे? लाइम रोगाच्या नकाशातही असाच एक पेच आहे. रुग्णाची नोंद तो राहतो त्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) होते, गोचीड चावली त्या काउंटीत नव्हे. सुट्टीत जंगलात गेलेल्या माणसाचा आजार नकाशावर त्याच्या घरच्या शहरात उमटतो. आकडे कोणी, कुठे, कशासाठी गोळा केले आणि कोण त्यातून सुटले, ही विचारणा हा डेटा सायन्सचा गाभा आहे. आकड्यांतून जी वारंवार सुटतात, त्या घरांतली मुले ती विचारणा पुस्तकी प्रश्न म्हणून करत नाहीत.

शाळेच्या तासाला हे जमणे कठीण. तिथे पोर्शन संपवायचा असतो, परीक्षेत एकच उत्तर बरोबर असते, आणि ‘या तक्त्यावरून सांगता येत नाही’ या उत्तराला सहसा गुण नसतात. क्लबात गुणच नाहीत. एका प्रश्नावर अख्खी दुपार गेली तरी कोणाचे बिघडत नाही, आणि गणितात ‘ढ’ ठरलेल्या मुलाला तिथे कोरी पाटी मिळते.

यावरचे आक्षेप हलके नाहीत. दहा तासांत काय येणार? कोड न लिहिता ठिपके ओढणे हे कसले शास्त्र? दहा तासांत कोणी डेटा सायंटिस्ट होत नाही, हे खरेच. पण कोड लिहायची पायथनसारखी भाषा पुढे शिकता येते. प्रश्न पडायची सवय नसताना शिकलेले पायथन मात्र चुकीचे उत्तर अधिक वेगाने देते, एवढेच. दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो: गरीब मुलांना गरिबीचेच आकडे द्यायचे, म्हणजे त्यांना त्यांच्याच वस्तीत डांबायचे नाही का? एक उदाहरण घेऊ. ब्रुकलिनमध्ये ‘लोकल लोटो’ या प्रकल्पात हायस्कूलच्या मुलांनी लॉटरीचा अभ्यास केला. तिकीट लागण्याची शक्यता मोजली, लोकांच्या मुलाखती घेतल्या, आणि कोणत्या वस्तीत उत्पन्नाचा किती वाटा तिकिटांवर जातो, याचे नकाशे पाहिले. तो प्रकल्प शाळेच्या गणिताच्या तासातला होता, पण मुद्दा इथेही लागू पडतो. असा विषय मुलांच्या माथी मारला तर आक्षेप खरा ठरतो. म्हणून गोचीड, खेळ आणि लॉटरी यांतून निवड मुलांनाच करू द्यावी. तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. असे क्लब थोड्याच मुलांपर्यंत पोहोचतात. घरी धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते, परतीची बस नसते. क्लब चालवणारी व्यक्ती बहुधा गणिताची शिक्षक नसते आणि अनुदान संपले की तीही निघून जाते.

यातला पैशाचा धोका काल्पनिक नाही. एप्रिल २०२५ पासून नॅशनल सायन्स फाउंडेशनने हजाराहून अधिक अनुदाने मध्येच रद्द केली. त्यांत विज्ञान आणि गणित शिक्षणाच्या प्रकल्पांचा वाटा मोठा होता. त्याच वर्षी जुलैत अमेरिकी शिक्षण खात्याने शाळेनंतरच्या केंद्रांचा अब्जाहून अधिक डॉलरचा निधी अडवून धरला आणि ओरड झाल्यावर त्याच महिन्यात सोडला. सॉफ्टवेअर फुकट आहे, आकडे सरकारी आणि खुले आहेत. पैसा लागतो तो रोज दुपारी तीन ते सहा मुलांजवळ बसणाऱ्या माणसाच्या पगाराला. तो पगार अनुदानाच्या मुदतीवर न ठेवता शाळांच्या कायमच्या अंदाजपत्रकात घातला पाहिजे.