कोरोनची एक दिवसाची सहल आणि तागबानवांचे तलाव

फिलिपाइन्सच्या पलावान प्रांतात, अगदी उत्तरेकडील कलामियान द्वीपसमूहात, कोरोन हे नाव दोन ठिकाणांना आहे आणि नवख्या पर्यटकाचा पहिला गोंधळ येथेच होतो. पहिले कोरोन हे गाव. ते बुसुआंगा नावाच्या मोठ्या बेटावर वसले असून विमानतळ, हॉटेले, बाजारपेठ आणि नावांचा धक्का हे सर्व त्याच बेटावर आहे. दुसरे कोरोन हे स्वतंत्र बेट. गावासमोरच्या समुद्रातून त्याचे करडे चुनखडीचे कडे जवळजवळ सरळ वर उठलेले दिसतात. पर्यटक गावात उतरतात, पण छायाचित्रांत पाहिलेले निळे-हिरवे तलाव, शुभ्र वाळूचे छोटे किनारे आणि कड्यांमध्ये दडलेली खाजणे त्या दुसऱ्या कोरोनवर असतात. या बेटावर बहुतेक जण मुक्काम करीत नाहीत. सकाळी वाटाड्यासह नावेने जायचे आणि दिवस मावळण्यापूर्वी परतायचे, अशी येथील रीत आहे.

या एका दिवसाच्या सहलीने कोरोनला जगाच्या पर्यटन नकाशावर आणले. सहलीच्या दरात काही ठिकाणांची प्रवेश शुल्के मिळवलेली असतात आणि ती इतकी का, कोणासाठी, असा प्रश्न पर्यटक नेहमी विचारतात. त्याचे उत्तर तलावांच्या सौंदर्यात नाही, तर हे तलाव कोणाचे आहेत या गोष्टीत आहे.

सहलीची नाव, म्हणजे बांका, अरुंद आणि लांबट असते. समुद्रात ती उलटू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना बांबूंचे आडवे तराफे बांधलेले असतात. कोकणच्या मच्छीमारांना त्यात आपल्या उलांडीचेच रूप दिसेल. नाव सकाळी आठ-नऊच्या सुमारास धक्का सोडते. वाटाडा प्रत्येकाच्या अंगावर तरंगजाकीट आहे की नाही हे पाहतो, दिवसाचा क्रम सांगतो आणि भरती-ओहोटी व गर्दी पाहून तो क्रम बदलतोही. दुपारचे जेवण नावेवरच तयार होते. भाजलेली मासळी, भात आणि फळे असा साधा बेत असतो. नावेवर स्वयंपाक करणारेच बहुधा नांगर टाकतात, दोर ओढतात आणि पोहता न येणाऱ्यांना हात धरून पाण्यात नेतात.

बहुतेक सहलींचे मुख्य आकर्षण म्हणजे कायांगन तलाव. नाव एका शांत, कड्यांनी वेढलेल्या खाडीत थांबते. तेथून पायऱ्यांचा दमछाक करणारा चढ चढावा लागतो आणि पलीकडे उतरल्यावर तलाव लागतो. चढाच्या माथ्यावरून दिसणारे दृश्य हे कोरोनचे सर्वाधिक प्रसिद्ध छायाचित्र. ते ‘कायांगन तलाव’ म्हणून जगभर छापले जाते, पण त्यात तलाव नसतोच. दिसते ती नावा उभ्या असलेली खाडी. खरा तलाव डोंगराच्या दुसऱ्या बाजूला, लाकडी फलाटांच्या काठाशी पसरलेला आहे. त्याचे पाणी इतके निर्मळ आहे की काठाजवळचे चुनखडीचे सुळके खोलवर गेलेले स्पष्ट दिसतात. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही येथे तरंगजाकीट घालूनच उतरावे लागते. काहींना ही सक्ती जाचक वाटते. मात्र अनेक नावांचे पर्यटक एकाच वेळी पाण्यात असताना ती सोयीचीच ठरते.

असे तलाव निर्माण होतात ते चुनखडीमुळे. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. ते भेगांतून झिरपत हजारो वर्षे खडक विरघळवीत राहते. आत पोकळ्या तयार होतात, काहींची छते कोसळतात आणि खोल कुंडे उघडी पडतात. समुद्राशी भूमिगत वाटांनी जोडलेल्या कुंडांत खारे पाणी येते. त्यावर पावसाचे गोडे पाणी साचते. ते हलके असल्याने वरच तरंगत राहते. दोन्ही पाणी जेथे भेटते तेथे नजर धूसर होते, जणू पाण्यात तेल मिसळले आहे. ‘जुळी खाजणे’ या ठिकाणी हा अनुभव पोहणाऱ्यालाही येतो. दोन खाजणांमध्ये कड्याची भिंत असून ओहोटीच्या वेळी तिच्यातील लहानशा फटीतून पोहत पलीकडे जाता येते. भरतीच्या वेळी फट बुडते, तेव्हा शिडीचा आधार घ्यावा लागतो. पलीकडे पोहताना अंगाला कधी गार, कधी कोमट पाण्याचे पट्टे लागतात. बाराकुडा तलावात तर हा प्रकार टोकाला जातो. वरचे पाणी नेहमीच्या तापमानाचे असते, परंतु सुमारे १४ मीटर खोलीवर ते एकाएकी तापते आणि ३८ अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचते. एरवी पाण्यात खाली जावे तसा गारवा वाढतो. येथे उलटे घडत असल्याने हवेची नळकांडी घेऊन खोल जाणाऱ्या पाणबुड्यांना या तलावाचे विशेष आकर्षण वाटते.

बेटावर याखेरीज आणखीही तलाव आहेत. कबुगाव हा त्यांतील सर्वात मोठा. सहलींच्या फलकांवर मात्र त्याचे नाव नसते. पर्यटकांसाठी प्रामुख्याने कायांगन आणि बाराकुडा हे दोनच तलाव खुले ठेवण्यात आले आहेत. हा निर्णय बेटाच्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे कलामियान तागबानवा समाजाचा आहे. काही तलाव आणि समुद्राचे काही भाग ‘पान्यान’ म्हणजे पवित्र आणि अस्पृश्य मानावेत, तेथे आत्म्यांचा वास असतो, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा आहे. अशा पाण्यात मानवसदृश विशाल अष्टपाद राहतो आणि मर्यादा ओलांडणाऱ्यावर तो कोपतो, असेही सांगितले जाते. या श्रद्धेचा व्यावहारिक परिणाम असा की पाण्याचे काही भाग पिढ्यानपिढ्या मासेमारीपासून मुक्त राहिले. आधुनिक भाषेत त्यांना संरक्षित क्षेत्र म्हटले असते.

तागबानवांचा समुद्राशी जसा संबंध आहे तसाच कड्यांतील गुहांशीही. त्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेपासून घरटी बांधतात. चिनी खाद्यसंस्कृतीत या घरट्यांच्या सुपाला मोठी किंमत आहे. महाराष्ट्रात वेंगुर्ल्यानजीकच्या समुद्रातील खडकाळ बेटांवर याच कुळातील पाकोळ्यांची वसाहत आहे, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. कोरोनवर प्रत्येक गुहा विशिष्ट कुटुंबाची मानली जाई. वेत आणि बांबू यांच्या आधाराने कडे चढून घरटी काढण्याचे कसब वारशाने दिले जाई. १९७० च्या दशकापासून नगरपालिकेने या गुहांवर हक्क सांगितला आणि घरटी काढण्याचे अधिकार लिलावाने बाहेरच्या व्यापाऱ्यांना दिले. ज्यांच्या पूर्वजांनी त्या गुहा राखल्या तेच तेथे परके ठरले.

समुद्रावरचे आक्रमण त्याहून गंभीर होते. कलामियान समुद्रातील जिवंत ग्रूपर मासे हाँगकाँगच्या उपाहारगृहांत मोठ्या भावाने विकले जातात. मासा जिवंत मिळावा म्हणून प्रवाळांच्या कपारीत सायनाइडची पिचकारी मारण्याची पद्धत पसरली. मासा गुंगतो आणि हाती लागतो, पण त्या कपारीतील प्रवाळ मरतो. त्यात सुरुंग उडवून मासे मारणाऱ्यांची भर पडली. ज्या समाजाचे जेवण रोज त्याच प्रवाळांमधून येत होते, त्याच्यासाठी हा पोटाचा प्रश्न होता. निसर्गप्रेमाचा मुद्दा त्यांच्या लेखी दुय्यमच असावा.

तागबानवांनी संघटना स्थापन केली आणि प्रथम जमिनीचा प्रश्न हाती घेतला. १९९० मध्ये त्यांना बेटाच्या वनक्षेत्राच्या संगोपनाचा करार मिळाला. तथापि जमीन मिळूनही समुद्र हातचा जात होता. १९९३ मध्ये फिलिपाइन्सच्या पर्यावरण खात्याने मूळनिवासी समाजांचे वडिलोपार्जित क्षेत्र नोंदविण्याची कार्यपद्धती जाहीर केली. तेव्हा तागबानवांनी एका स्वयंसेवी संस्थेच्या साह्याने स्वतःच नकाशे तयार केले. वडीलधाऱ्यांनी मासेमारीच्या जागा, पवित्र पाणी, दफनस्थळे आणि गुहा दाखविल्या आणि त्या कागदावर उतरल्या. जून १९९८ मध्ये त्यांना २२ हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्राच्या दाव्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्यात बेट तर होतेच, शिवाय भोवतालचा समुद्रही होता. पाण्यालाही पूर्वजांचा वारसा मानणारे हे प्रमाणपत्र देशातील या प्रकारच्या पहिल्या निर्णयांपैकी होते. पुढे या दाव्याला कायम हक्काच्या पट्ट्याचे रूप मिळाले.

या हक्काला बळ देणारा मूळनिवासी हक्क कायदा १९९७ मध्ये संमत झाला. या कायद्याने वडिलोपार्जित क्षेत्रातील कोणत्याही प्रकल्पासाठी त्या समाजाची पूर्वसूचित आणि स्वेच्छेची संमती आवश्यक ठरविली. जमीन आणि नैसर्गिक संपत्ती राज्याची आहे, असा युक्तिवाद करीत या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. डिसेंबर २००० मध्ये निकाल लागला तो समसमान मतांचा, ७ विरुद्ध ७. बहुमत न झाल्याने याचिका फेटाळली गेली आणि कायदा टिकला. एका मताने पारडे दुसरीकडे झुकले असते तर आज कायांगनच्या काठावर तिकीट घेणारी माणसे बहुधा वेगळी असती.

म्हणूनच प्रवेश शुल्काकडे साध्या तिकिटासारखे पाहता येत नाही. एके काळी परके ठरविलेल्या मालकाच्या घरात प्रवेश करण्याची ती परवानगी आहे. रात्री मुक्काम न करणे, कचरा सोबत परत नेणे, ठरावीक तलावांपलीकडे न जाणे हे नियम त्या घरमालकाचे. व्यवस्था निर्दोष आहे असे मात्र म्हणता येणार नाही. नावा, हॉटेले आणि सहलसंस्था प्रामुख्याने बुसुआंगावरील बिगर-तागबानवा व्यावसायिकांच्या हातात असल्याने उत्पन्नाचा मोठा भाग गावातच राहतो. शिवाय पर्यटनावर विसंबण्याची जोखीमही आहे. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी हैयान वादळाने बुसुआंगाला धडक दिली तेव्हा नावांची आणि घरांची मोठी हानी झाली. २०२० मध्ये कोविडमुळे सहली बंद पडल्या आणि पुन्हा मासळी व घरटी यांवरच भागवावे लागले. वर्षानुवर्षे बंद ठेवलेले तलाव अशा वेळी उघडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तसे झाल्यास पर्यटकाला आणखी एक थांबा मिळेल, तागबानवांच्या पवित्र पाण्याचे काय होईल, हा निर्णय त्यांनाच घ्यावयाचा आहे.

दुपारनंतरचा वेळ बहुधा किनाऱ्यांवर आणि स्नॉर्केलिंगमध्ये जातो. किनारे लहान असून त्यांच्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. वाळू पांढरी, पाणी उथळ आणि गर्दी दुपारी अधिक. स्नॉर्केलिंग, म्हणजे चष्मा आणि श्वासनलिका लावून पृष्ठभागावर तरंगत खाली पाहणे, मालवण-तारकर्लीमुळे मराठी पर्यटकांना अपरिचित नाही. कोरोनवर त्यासाठी ‘सिएते पेकादोस’, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘सात पापे’, हा सात लहान बेटांचा समूह प्रसिद्ध आहे. प्रवाळ तेथे इतके उथळ आहेत की पाय खाली सोडले तर ते तुटतात. वाटाड्याने वारंवार ‘उभे राहू नका’ असे ओरडून सांगण्याचे कारण तेच. ‘सांगाडा’ म्हणून ओळखले जाणारे एक लहान बुडालेले जहाजही वरून पोहत पाहता येते. मोठी जहाजे मात्र अधिक खोलवर आहेत. २४ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकी नौदलाच्या विमानांनी कोरोनच्या उपसागरात आश्रयाला आलेल्या जपानी पुरवठा जहाजांवर हल्ला केला. त्यात बुडालेली इराको, अकित्सुशिमा आणि कोग्यो मारू ही जहाजे आज पाणबुड्यांच्या यादीत अग्रभागी असतात. त्यांच्या पोलादावर आता प्रवाळ वाढले आहेत.

प्रवाळांना असलेला सर्वात मोठा धोका पर्यटकांच्या पायांचा नाही. समुद्र तापला की प्रवाळ आपल्या आतील शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या प्रवाळ-विवर्णतेची चौथी घटना सुरू असल्याचे जाहीर केले. तापमानावर तागबानवांचा अंकुश नाही. सायनाइड आणि नांगर यांवर काही अंशी आहे. उष्णतेतून वाचलेल्या प्रवाळांना पुन्हा वाढण्याची संधी मिळेल की नाही, हे अशाच बारीक गोष्टींवर ठरते.

भारतीयांसाठी आता हा प्रवास पूर्वीपेक्षा सुकर झाला आहे. फिलिपाइन्सने जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी व्हिसाची अट शिथिल केली. मनिलाहून बुसुआंगासाठी विमानसेवा आहे. साधारणपणे डिसेंबर ते मे हा कोरडा हंगाम नौकासहलींना अनुकूल मानला जातो. पावसाळ्यात नैऋत्य वारे सुटले की तटरक्षक दल नावांना समुद्रात जाण्याची परवानगी नाकारते आणि मग दिवसभर गावातच थांबावे लागते. तागबानवा या नावाशी भारताचे एक दूरचे नाते आहे, हेही जाता जाता सांगावयास हवे. याच नावाचा एक वेगळा समाज मुख्य पलावान बेटावर राहतो. त्याची पारंपरिक लिपी ब्राह्मीपासून उगम पावलेल्या लिपीकुळातील असून फिलिपाइन्सच्या अन्य जुन्या लिप्यांसह तिची नोंद १९९९ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ सूचीत करण्यात आली.